माशांच्या पिलांतील लिंगविकास व संप्रेरके
अनेक अस्थिमत्स्यांत गुणसूत्रे लिंगाची दिशा दाखवतात. पण पिलाच्या जननग्रंथीचे अंडाशय होणार की वृषण, याचा निकाल संप्रेरके लावतात. नाईल तिलापियाच्या, म्हणजे आपल्या चिलापीच्या कुळातील माशाच्या, मादी पिलांत अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही दिवसांतच अरोमाटेज हे विकर सक्रिय होते. ते ॲन्ड्रोजेन या नर-संप्रेरकाचे इस्ट्रोजेन हे मादी-संप्रेरक करते. ग्रंथी तेव्हा केसासारख्या बारीक असतात, नर-मादी ओळखू येत नाहीत. यावर आक्षेप असा, की संप्रेरके ही जनुकांनी आधीच घेतलेल्या निर्णयाची केवळ खूण असावीत. मेडाका या जपानी माशात नरत्वाचे जनुक 2002 मध्ये सापडल्याने हा आक्षेप दुबळा नाही. मात्र त्याच माशाच्या एक्सवाय, म्हणजे गुणसूत्रांनी नर असलेल्या, पिलांना खाद्यातून इस्ट्रोजेन देऊन यामामोतो यांनी 1953 मध्ये प्रजननक्षम माद्या मिळवल्या होत्या. उलट, अरोमाटेज रोखले की तिलापियाची एक्सएक्स, म्हणजे गुणसूत्रांनी मादी असलेली, पिले नर होतात. नुसती खूण पुसल्याने निर्णय बदलला नसता. जनुक हा कौल संप्रेरकांमार्फतच अमलात आणते, असे मानणे म्हणूनच अधिक सयुक्तिक ठरते.

तिलापियाच्या मत्स्यशेतीत म्हणूनच पिले खाऊ लागताच सुमारे 3-4 आठवडे मिथाइल टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक मिसळलेले खाद्य देतात, कारण नर झपाट्याने वाढतात आणि तळ्यात नकोशी वीण होत नाही. ग्रंथीची घडण पूर्ण झाल्यावर हाच उपाय फारसा चालत नाही. सुमारे 36 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यातही काही एक्सएक्स पिले नर होतात; तापणाऱ्या जलाशयांच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे.