अंगाई आणि अफू

अंगाईगीताचा विचार आपल्याकडे बहुतकरून वात्सल्यरसाच्या अंगाने झाला आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमात ‘स्त्रीगीते’ या प्रकरणाच्या सुरुवातीस किंवा शेवटी अंगाई येते, मातृहृदयाचे कोमल उद्गार म्हणून तिचा गौरव होतो आणि अभ्यासक पुढच्या प्रकारांकडे वळतो. या वाचनात काही खोटे नाही. पण त्यात एक गोष्ट निसटते: अंगाई हे साधन आहे. ती कामाला यावी म्हणून गायिली जाते आणि ऐकणाऱ्याचे ऐकणे थांबले की ती सफल होते. दुसरा कोणताही गीतप्रकार श्रोता झोपी जाण्यात आपले यश मानत नाही. म्हणून अंगाईच्या इतिहासाला पहिला प्रश्न वात्सल्याचा विचारून भागणार नाही. मूल झोपत नाही, हे खरे. पण त्याने आत्ताच, याच घटकेला झोपावे अशी निकड कोणाला आणि का आहे?

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातील बॅबिलोनच्या काही मृत्तिकापट्टिकांवर रडणाऱ्या बाळाला शांत करण्याचे मंत्र कोरलेले सापडले आहेत. जर्मन अभ्यासक वाल्टर फार्बर यांनी ते संपादित केले. त्यांतल्या एका मंत्रात अंधाऱ्या घरातून उजेडात आलेल्या बाळालाच विचारणा होते की, तू रडतोस का? आणि तक्रार अशी की, तुझ्या रडण्याने घरातल्या देवाची झोप मोडली. देवाची झोप मोडली म्हणजे घरावर अवकृपा ओढवली. कौतुक आणि धाक एकाच सुरात. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरातही झोप मुलाला हवी होती त्याहून इतरांना अधिक हवी होती, हे उघड आहे.

आपल्या परंपरेत याच्या अगदी उलट टोकाला मदालसा उभी आहे. मार्कंडेयपुराणातील ही राणी रडणाऱ्या तान्ह्या विक्रान्ताची समजूत घालण्याच्या मिषाने त्याला आत्मज्ञान सांगते: तुला नाव नाही, हा देह तू नव्हेस, मग रडतोस कशाला? पहिले तीन पुत्र या बोधाने विरक्त झाले, तेव्हा ऋतध्वज राजा धास्तावला आणि चौथ्याला, अलर्काला, तरी राजधर्म शिकव अशी विनवणी त्याला करावी लागली. झोपवण्याच्या गीताचा उपयोग जागे करण्यासाठी व्हावा, ही कल्पना मोठी विलक्षण आहे. मराठी संतपरंपरेतही पाळण्याचे हे आध्यात्मिक रूप रुजले. मुक्ताबाईने वृद्ध चांगदेवासाठी गायिलेला पाळणा प्रसिद्ध आहे. मात्र मदालसेच्या दाराशी दासींची वाण नव्हती, हे विसरू नये. मूल रात्रभर जागे राहिले असते तरी राणीला पहाटे कोठे कामावर जायचे नव्हते.

येथे पाळणा आणि अंगाई यांत फरक केला पाहिजे. पाळणा हा पुष्कळदा समारंभाचा प्रकार आहे. बारशाला, रामनवमीला, शिवजयंतीला तो चारचौघींत म्हटला जातो आणि त्याची बांधणी ठरलेली असते. पाळण्यातला रामकृष्ण किंवा शिवराय झोपतो की नाही, याची चिंता तेथे कोणालाच नसते. अंगाई एकटीची आहे. तिला श्रोतृवर्ग नाही, शेवट नाही, आणि अर्थाला फारसे महत्त्वही नाही. ‘जो जो’ हा ध्वनी मराठीप्रमाणेच कन्नड आणि तेलुगू गीतांतही आहे. भाषा बदलली तरी झोळीचा हेलकावा तोच, म्हणून त्याला जोडलेला ध्वनीही तोच राहिला असावा.

स्पॅनिश कवी लोर्का यांनी डिसेंबर १९२८ मध्ये माद्रिद येथे अंगाईगीतांवर एक व्याख्यान दिले. आपल्या देशातील अंगाईगीते इतकी दुःखी का, हा त्यांचा प्रश्न होता. श्रीमंतांच्या घरी दायी आणि मोलकरीण म्हणून राहणाऱ्या गरीब स्त्रिया ही गीते त्या घरांत नेतात, आणि जिला मूल हे ओझे वाटण्यावाचून गत्यंतर नाही अशा आईचा शीण त्यांत उतरतो, असे त्यांचे निरीक्षण होते. अंगाईचा संबंध थेट श्रमाशी जोडणारे हे विवेचन आपल्याकडच्या लोकसाहित्याच्या वर्गात वाचले जाईल तर फार बरे होईल. १९२८ या सालाकडे पुन्हा यायचे आहे.

आता गीत अपुरे पडले की काय होई, हे पाहू. इंग्लंडात अठराव्या शतकापासून ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे एक औषध घरोघर माहीत होते. मळीसारखा गोड पाक, सुगंधासाठी ससाफ्रास आणि त्यात अफू. प्रत्येक औषधविक्रेता ते आपल्या हिशेबाने बनवी, त्यामुळे अफूचे प्रमाण दुकानागणिक वेगळे. कापडगिरण्यांच्या गावांत आई दिवसभर यंत्रावर आणि मूल दुसऱ्या एखाद्या बाईकडे चार पैशांवर ठेवलेले, अशी रीत पडली तेव्हा या औषधाचा खप वाढला. डिझरायलीच्या ‘सिबिल’ (१८४५) या कादंबरीत त्याचा उल्लेख आहे, एंगल्सच्या त्याच वर्षीच्या ग्रंथात आहे, आणि एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘मेरी बार्टन’मध्ये (१८४८) भुकेल्या मुलांना शांत ठेवण्यासाठी अफू दिल्याचा संदर्भ येतो. भूक आणि जागरण यांवर एकच तोडगा होता. अफू भूकही मारते; म्हणून ती घेणारे मूल रडत नाही, दूध मागत नाही आणि हळूहळू सुकत जाते. मात्रा जरा अधिक झाली तर श्वासच मंदावतो.

अमेरिकेतही हेच. तेथे १८४९ पासून विकले जाणारे ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ मॉर्फिनयुक्त होते. जाहिरातींत मात्र गुबगुबीत बाळे आणि प्रसन्न माता. १९०६ च्या अन्न व औषध कायद्याने घातक घटक बाटलीवर छापणे सक्तीचे केले, आणि १९११ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा औषधांची गणना बालघातक म्हणून केली. (संगीतकार एल्गार यांनी तरुणपणी वाद्यपंचकासाठी लिहिलेल्या एका संथ रचनेला गमतीने याच सिरपचे नाव दिले होते. औषधाचे अंगाईत रूपांतर झाल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण!)

मार्क्सच्या ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात (१८६७) या विषयावर एक तळटीप आहे, ती मला फार बोलकी वाटते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाचा पुरवठा तुटला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि कामगारांची उपासमार झाली. तेथील आरोग्यस्थिती पाहण्यासाठी सरकारने धाडलेल्या डॉ. एडवर्ड स्मिथ यांनी कळवले की, या आपत्तीचे काही फायदेही आहेत. स्त्रियांना आता मुलांना अंगावर पाजायला वेळ मिळतो आणि त्यांना गॉडफ्रेच्या औषधाने विषबाधा होत नाही. गिरणीचा भोंगा थांबला आणि मुले जगू लागली.

त्याच कापसाच्या दुष्काळात मुंबईत पैशाचा पूर आला होता. लँकेशायरला अमेरिकेचा कापूस मिळेना म्हणून हिंदुस्थानातला कापूस जाऊ लागला, आणि १८६५ मध्ये फुगा फुटेपर्यंत या शहराने अमाप नफा पाहिला. त्याआधीची मुंबईची श्रीमंतीही चीनला जाणाऱ्या माळव्याच्या अफूवर आणि कापसावरच बव्हंशी उभी होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव वसले. ज्या दोन मालांनी शहराला भांडवल दिले ते दोन्ही आता एका दहा फुटी खोलीत एकत्र आले: आई कापसावर आणि मूल अफूवर.

या अफूच्या गोळीला ‘बाळागोळी’ म्हणत. नाव किती निरागस आहे! बाळगुटी आणि बाळकडू यांच्या पंक्तीत ते सहज बसते, आणि बाळकडू तर आपण संस्काराच्या अर्थाने अभिमानाने वापरतो. तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल पश्चिम हिंदुस्थानात गिरण्यांच्या आधीपासून होती, घरच्या कामांत आणि शेतातही. पण दहा-अकरा तासांच्या पाळीने तिला घड्याळ लावले. १९२१ च्या सुमारास मुंबई सरकारने गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली. अशा स्त्रियांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. त्याच काळात मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके दगावत होती. या आकड्यात एक खोट आहे. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर गावी जात, त्यामुळे जन्म तिकडे नोंदला जाई आणि मृत्यू इकडे. पण ही खोट वजा करूनही उरते ते भयंकरच.

अशा अहवालांची भाषा साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य तपासावी. ‘अज्ञान’, ‘रूढी’, ‘निष्काळजीपणा’ हे शब्द त्यांत वारंवार येतात आणि वाक्याचा कर्ता बहुधा आईच असते. अफू मात्र परवान्याच्या दुकानात मिळत होती आणि तिच्यावरचा महसूल सरकारी तिजोरीत जात होता. १८९५ मध्ये अहवाल देणाऱ्या रॉयल कमिशनने तर हिंदुस्थानातील अफूसेवन एकंदरीत फारसे अपायकारक नसल्याचाच निर्वाळा दिला होता. पाळीचे तास आईने ठरवले नव्हते. गिरणीत मुलाला घेऊन जावे तर कापसाची धूळ आणि यंत्रे. घरी ठेवावे तर शेजारणीही पाळीवर. यात अज्ञान किती आणि हिशेब किती? माझ्या मते हिशेबच अधिक, आणि तो तिच्यावर लादलेला होता.

जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक चर्चेस आले. ते मांडले होते आसवले यांनी, आणि त्याच्या समर्थनार्थ डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने या खर्चाचा भार उचलावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. ना. म. जोशी यांचे अशाच आशयाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आधीच फेटाळले गेले होते. मुंबईचा कायदा १९२९ मध्ये झाला. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने पाळणाघरांसाठी नियम करण्याचा अधिकार प्रांतांना दिला आणि १९४८ च्या कायद्याने ती बंधनकारक केली. त्यानंतरच्या दशकांत गिरण्यांतून बायकाच कमी होत गेल्या, हा या कथेचा कडू भाग. एके काळी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा त्यांचा होता.

त्याच १९२८ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांचे बालसंगोपनावरील पुस्तक निघाले. मुलांना कुरवाळू नका, झोपताना फार तर कपाळावर एक चुंबन पुरे, असा त्यातला उपदेश. माद्रिदमध्ये कवी गीतातला शीण ऐकतो, मुंबईत कायदेपंडित विश्रांतीचा हक्क मागतो आणि अमेरिकेत शास्त्रज्ञ मांडीच काढून घ्यायला सांगतो!

शास्त्र पुढे बदलले. नवजात अर्भकाला दिवसरात्रीची लय नसते, ती साधारण दोनतीन महिन्यांनी आकार घेऊ लागते, हे आता सर्वमान्य आहे. आणि मुलाला उचलून चालू लागले की त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, रडणे ओसरते, हे जपानमधील संशोधकांनी २०१३ मध्ये मोजून दाखवले. त्याच गटाच्या २०२२ च्या अभ्यासानुसार पाचएक मिनिटे चालावे आणि झोप लागल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे मूल हातातच ठेवून मग खाली ठेवावे. म्हणजे औषध आहे, साधे आहे, बिनखर्ची आहे. फक्त कोणाची तरी पंधरा मिनिटे मोकळी हवीत.

हे मोकळेपण मराठी मौखिक परंपरेत कोठे दिसते? जात्यावर. पहाटेच्या दळणाच्या ओव्यांत तान्हे बाळ वारंवार येते. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’ या संग्रहात ते आहे आणि हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांतही आहे. दळणारीच्या मांडीवर मूल, हातात खुंटा आणि तोंडी ओवी. काम आणि निजवणे एका लयीत चाले, कारण काम घरात होते. गिरणीच्या साच्याची लय माणसाच्या गळ्याला धरता येत नाही आणि तिच्या आवाजात गाणे ऐकूही येत नाही. गिरणी कामगारांच्या घरात वाढलेल्या नारायण सुर्व्यांच्या ‘माझी आई’ या कवितेत पहाटे भोंग्याच्या रोखाने निघणाऱ्यांच्या रांगा आहेत आणि त्यांत आई आहे. त्या घटकेला गिरणगावातल्या कित्येक खोल्यांत मुले निजलेली असत. लोकसाहित्याच्या संग्राहकांनी त्या खोल्यांतून अंगाया फारशा गोळा केलेल्या नाहीत. तिथल्या आयांबद्दल जे लिहिले गेले, ते बहुतेक इंग्रजीत, आकड्यांसह, अबकारी आणि मजूर खात्यांच्या कागदांत आहे.