अखेरचे दोन कोस

प्रवासभत्त्याचे बिल ज्यांनी आयुष्यात अनेकदा भरले आहे, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. त्या बिलात मुख्य प्रवासाखाली आणखी एक लहानशी नोंद करावी लागते : स्टेशनापासून निवासस्थानापर्यंत, किंवा विमानतळापासून उतरण्याच्या जागेपर्यंत. अंतर थोडे, रक्कम त्याहून थोडी, आणि हिशेबनिसाची शंका मात्र नेमकी तेथेच. इतिहासकारांनी या नोंदीकडे फारसे लक्ष दिलेले नाही. मोहिमा, तह, लोहमार्ग आणि कारखाने यांचे इतिहास लिहिले गेले. पण परमुलखात येऊन उतरलेला मनुष्य आपल्या ओझ्यासह मुक्कामाच्या दारापर्यंत कसा पोचला, हे सांगण्याची गरज कोणास वाटली नाही. भिलाईच्या परिसरापुरता तसा प्रयत्न येथे केला आहे. या मुलखात मराठी माणूस अंमलदार म्हणून येऊ लागला, त्यास सुमारे पावणेतीनशे वर्षे होत आली. त्याचे ओझे कोणी उचलले आणि कोणत्या मोबदल्यावर, या प्रश्नाचे उत्तर त्या काळात अनेकदा बदलले आहे.

भास्करपंतांच्या हाताखाली भोसल्यांची फौज 1741 साली रतनपुरावर आली. पुढे 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरासच राहून कारभार पाहू लागले, तो 1787 मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत. त्यांच्या अमदानीत मराठी भाषा व मोडी लिपी येथे रुळली, आणि दसऱ्यास सोने वाटण्याची चालही आली. बिंबाजींच्या मागून मात्र येथे राजपुरुष राहिला नाही. नागपूरहून सुभे नेमून येऊ लागले. हुकूम आला की यावयाचे आणि दुसरा हुकूम आला की जावयाचे, असे ज्यांचे जिणे, त्या आपल्या जातीचा या प्रांतातील आरंभ त्या सुभ्यांपासून धरण्यास हरकत नाही.

त्यांची वाट भंडारा, साकोली, देवरी अशी रानावनातून आणि डोंगरातून खाली मैदानात उतरे. व्यापाऱ्याचा माल वंजाऱ्यांच्या बैलांवरून जाई. इकडील तांदूळ वर जावा आणि मीठ खाली यावे, असा तो व्यवहार होता, आणि वंजारी आपल्या बैलांचे भाडे रोख मोजून घेई. सरकारी माणसाच्या ओझ्याची गोष्ट निराळी. त्यासाठी आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे : वेठ. मराठी अमदानीतील इनामाच्या सनदा ज्यांनी चाळल्या आहेत त्यांस ‘वेठबेगार, फडफर्मास’ माफ असल्याची कलमे परिचित असतील. ती वाचताना आपण इनामदाराचे भाग्य पाहतो. पण माफी ही अपवादाला असते. ज्याच्या नावाची सनद नव्हती, त्या शेजारच्या कुणब्याच्या डोक्यावर ते गाठोडे होतेच. एका गावच्या माणसाने ते पुढल्या गावच्या शिवेपर्यंत न्यावे, तेथे दुसऱ्याने घ्यावे, अशा साखळीने मुक्काम गाठला जाई. या प्रवासास अखेरचा टप्पा असा वेगळा नव्हताच. ओझे घरातून निघे ते थेट दुसऱ्या घराच्या ओसरीवर टेकत असे. मध्ये माणसे तेवढी बदलत.

1818 नंतर मेजर अ‍ॅग्न्यू याने ठाणे रतनपुराहून रायपुरास हलवले, आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. अंमल बदलला, वेठ राहिली. किंबहुना तिला शिस्त आली. हिवाळ्यात साहेब दौऱ्यावर निघे तेव्हा त्याच्यापुढे राहुट्या, मेजा, खुर्च्या, दप्तराच्या पेट्या आणि स्नानाचे टब निघत. गाड्या, माणसे, दूध, लाकूडफाटा यांची तजवीज मालगुजाराने करावयाची आणि मालगुजाराने ती आपल्या रयतेवर ढकलावयाची. छत्तीसगडी माणूस ओझे कावडीवर वाहतो. बांबूच्या दोन टोकांस शिंकाळी आणि मध्ये खांदा. त्या खांद्यास किती मिळाले याची नोंद दौऱ्याच्या डायऱ्यांत शोधू नये. तेथे वाघ किती पडले ते सापडते. या साहेबांच्या कचेरीत आपली मराठी मंडळी कारकून, तहसीलदार आणि वकील म्हणून मोठ्या संख्येने होती, हेही सांगावयास हवे. वेठीच्या गाडीत साहेबाच्या तंबूशेजारी तहसीलदाराची वळकटी पडलेली असे. या गोष्टीचा अभिमान धरण्याजोगे काही नाही, आणि ती लपविण्याचेही कारण नाही.

1910 साली बस्तरमध्ये जो भूमकाल उसळला त्याच्या कारणांत बेगार हे एक ठळक कारण होते. दूर कुमाऊँमध्ये 1921 च्या जानेवारीत बागेश्वरच्या संक्रांतीच्या जत्रेत लोकांनी कुली-बेगारीच्या वह्याच शरयूच्या पात्रात सोडून दिल्या. साहेबाचे सामान कोणी उचलावे, एवढ्या प्रश्नावर घडलेले हे प्रसंग आहेत. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदात बेगार हा शब्द नाव घेऊन निषिद्ध ठरविला गेला. ज्या ओझ्याला आपण किरकोळ समजतो, त्याने मूलभूत हक्कांच्या प्रकरणात जागा मिळविली आहे.

तोवर आगगाडी येऊन सत्तर वर्षे झाली होती. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा अरुंद मार्ग 1882 पर्यंत राजनांदगावास पोचला. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीने तो घेतला, रुंद केला, आणि 1891 मध्ये दुर्ग, रायपूर, बिलासपूर यांवरून बंगालपर्यंत जोडून दिला. देवरीच्या रानातील कित्येक दिवसांची वाट एका रात्रीवर आली. मात्र एक नवीच गोष्ट घडली. गाडी दाराशी येईना. ती स्टेशनात थांबे आणि तेथून मुक्काम दोन कोस दूर राही. बैलाने कधी असे केले नव्हते. पुढे विमानाने याच्याही वर कडी केली. वाहन जितके वेगवान, तितके ते उतारूस त्याच्या दारापासून दूर सोडते, हा जणू नियमच आहे. आणि जो काळ मोठ्या प्रवासात वाचला त्याचा काही भाग अखेरच्या टप्प्यात परत द्यावा लागतो.

त्या दोन कोसांवर स्टेशनचा हमाल उभा राहिला. तांबडा सदरा, दंडावर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर क्रमांक. वेठीच्या माणसाच्या मानाने हा केवढा बदल! त्याला ‘नाही’ म्हणता येते. त्याचा दर पाटीवर लिहिलेला असतो. पण रेल्वेने त्याला परवाना दिला, पगार दिला नाही. त्याचे पोट उतारूच्या खिशावरच राहिले. 2008 च्या अर्थसंकल्पात लालूप्रसादांनी या हमालांना गँगमनच्या नोकरीचा मार्ग उघडला, आणि 2016 मध्ये सुरेश प्रभूंनी ‘कुली’ऐवजी ‘सहायक’ हे नाव जाहीर केले. नाव चांगले आहे. फलाटावर ते कोणी उच्चारल्याचे मी अद्याप ऐकले नाही.

2 फेब्रुवारी 1955 रोजी दिल्लीत सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि दुर्गजवळचे भिलाई हे खेडे एकाएकी पत्ता बनले. वर्षास दहा लाख टन पोलादाचा कारखाना उभा करावयाचा होता, आणि त्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे निघाली. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तोवरच्या चार वर्षांत आलेल्यांचे इतिहासास परिचित चेहरे थोडेच : बांधकामाचे सोव्हिएत मुख्य अभियंता वेनियामिन दिम्शित्स यांसारखे. बाकीचे हजारो दुर्गच्या फलाटावर ट्रंका घेऊन उतरले. मजुरांच्या वस्त्यांना ‘कॅम्प’ हे नाव पडले; कॅम्प एक आणि कॅम्प दोन आजही पत्त्यात लिहिले जातात. ज्या शब्दाने एके काळी साहेबाच्या राहुट्यांचा बोध होई, तो अशा रीतीने ओझे वाहणाऱ्यांच्या वाट्यास आला.

ज्यांस घाई होती व ऐपत होती ते आकाशमार्गाने नागपूरपर्यंत येत. 30 जानेवारी 1949 पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली होती. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर भेटत, टपालाच्या थैल्या व उतारू यांची अदलाबदल करीत, आणि पहाटेपूर्वी आपापल्या वाटेने परत जात. 1973 पर्यंत हा क्रम चालला. कल्पना करावी : चारी दिशांचा देश एका तासापुरता विदर्भात एकत्र येतो आहे, आणि भिलाईस निघालेला मनुष्य त्या लखलखाटातून बाहेर पडून अंधारात उभा आहे. सोनेगाव ते नागपूर स्टेशन हे अंतर तांग्याच्या घोड्यास ठाऊक होते. पुढे दुर्गपर्यंत रात्रीची किंवा सकाळची गाडी. विमानात 44 पौंडांपर्यंतचे सामान विनामूल्य; बदलीवर निघालेल्या गृहस्थाच्या ट्रंका अर्थात मागून मालगाडीने येत.

1983 च्या जुलैत प्रस्तुत लेखक दुर्गास उतरला तेव्हा त्याच्याजवळ एक वळकटी, एक पाटा-वरवंटा आणि पुस्तकांची पत्र्याची ट्रंक असा संसार होता. पाट्याबद्दल घरातून सक्त ताकीद होती, म्हणून तो मालगाडीच्या भरवशावर सोडला नव्हता. पाऊस पडत होता. सायकलरिक्षावाला पन्नाशीचा होता. ‘कहाँ जाहू, साहेब?’ त्याने विचारले आणि ट्रंक उचलताना थबकला. आत पुस्तके आहेत हे त्याला वजनावरूनच कळले. ‘किताब लोहा ले गरू होथे,’ तो म्हणाला. पुस्तक लोखंडाहून जड असते, हे पोलादाच्या गावात मिळालेले पहिले ज्ञान. ग्रेट ईस्टर्न रोडने आम्ही निघालो. एका चढावर मी उतरून चालू लागलो, तेव्हा त्याने नको म्हटले नाही. नगरात शिरल्यावर सरळ आखलेल्या रस्त्यांकडे आणि एकसारख्या घरांकडे मी पाहत होतो, तेव्हा त्याने न थांबता, पायडल मारता मारता डावीकडे मान वळवली. ‘हमर गाँव इहें रिहिस.’ आमचे गाव इथेच होते. मी काहीच बोललो नाही. कारखान्यासाठी व नगरासाठी घेतलेल्या खेड्यांविषयी मी कागदोपत्री वाचले होते. त्या कागदांतील एक नाव माझी ट्रंक ओढीत होते. विश्रामगृहात पोचलो तेव्हा माझ्या नावाची खोली राखलेली नव्हती, आणि व्हरांड्यात सामानापाशी बसून सकाळ करावी लागली. त्या रात्री कोणाची अधिक गैरसोय झाली आहे, याचा हिशेब मनात नीट मांडता येत नव्हता.

आता लोक रायपूरच्या माना विमानतळावर उतरतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील हे ठिकाण. 1964 मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी मान्यास छावणी उघडली गेली. गाठोडी घेऊन आलेली ती कुटुंबे दंडकारण्यात पाठविण्यासाठी येथे थांबविली जात, आणि कित्येकांचा तात्पुरता मुक्काम वर्षानुवर्षे लांबला. अखेरच्या दोन कोसांपाशीच ज्यांचा प्रवास खुंटला, अशी ही माणसे. 2012 मध्ये विमानतळास स्वामी विवेकानंदांचे नाव दिले गेले आणि त्याच वर्षी नवी इमारत खुली झाली. तिच्या चकचकीत फरशीवरून सारेजण आपले सामान स्वतः ओढीत जातात. कारण 1972 मध्ये बर्नार्ड सॅडो या अमेरिकनाने बॅगेला चाके लावण्याचे पेटंट मिळविले आणि 1987 मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने ती उभी करून तिला लांब दांडा बसविला. मनुष्य चंद्रावर जाऊन आल्यावर त्याला बॅगेस चाके लावण्याचे सुचले, याचे आश्चर्य वाटते. ओझे स्वस्तात उचलणारा मनुष्य जोवर हाताशी होता तोवर चाकाची गरज कोणास भासली नसावी, असे मला वाटते.

बदलीच्या नियमांनी वरिष्ठ अधिकाऱ्यास 6,000 किलो घरसामान नेता येते. विमानात बहुधा 15 किलोंवर भाडे पडते. तेव्हा पाटा-वरवंटा आजही सडकेनेच येतो. मान्याहून भिलाई सुमारे 45 किलोमीटर, म्हणजे चौदा कोस. मुंबईहून दीड-दोन तासांत आलेल्या माणसास त्या चौदा कोसांना तासाहून अधिक लागतो, आणि वाटेत रायपूरची गर्दी असली तर त्याहूनही अधिक. गेल्या खेपेस मी तेथून टॅक्सीने आलो. चालकाने बॅग मागे ठेवली, मार्ग यंत्रावर पाहिला, आणि भिलाई निवासाच्या दारात उतरवून छापील पावती दिली. ती बिलास जोडली, आणि पैसे विनातक्रार मिळाले.

1983 च्या बिलावर मात्र शेरा आला होता : रिक्षाभाड्याची पावती व अंतराचा दाखला जोडावा. पावती नव्हती. दाखला ज्याच्याकडून घेता आला असता, त्याचे नाव मी विचारले नव्हते. ती नोंद मी खोडून दिली.