वजनकाट्याच्या पुढं

धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीच्या अंगणवाड्यांत मुलांची तपासणी म्हणजे कित्येक वर्षं फक्त वजन. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, ती प्रामुख्यानं कुपोषणासाठी. सेविकेच्या हाती वजनकाटा आला, वाढीचा तक्ता आला. त्यानं असंख्य पोरं वाचवली, हे मी आदरानं लिहिते. पण वजनात भरलेलं पोर हाकेला वळतं का, हे कोण विचारणार?

मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा हाकेला न वळणाऱ्या, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांवर १९२५ मध्येच लिहिलं होतं. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची हकिगत छापली. आपल्या १९९५ च्या अपंग कायद्यात मात्र स्वमग्नतेचं नाव नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, पुढं २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही.

खेड्यापर्यंत स्वमग्नतेची तपासणी आली ती फिरत्या पथकाच्या गाडीतून. ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. एका पथकात आयुषचे दोन डॉक्टर, नर्स, औषधनिर्माता. अंगणवाडीला वर्षातून दोन फेऱ्या. तपासायच्या ३० आजारांच्या यादीत स्वमग्नता होती. अशाच पथकातली मी, बी.ए.एम.एस. झालेली, कौमारभृत्य म्हणजे आयुर्वेदातलं बालरोगशास्त्र शिकलेली. या कामाची खरी शिकवण अंगणवाडीच्या सतरंजीवर मिळाली.

नव्या डॉक्टरांना मी तेच दाखवते. आल्याआल्या स्टेथोस्कोप लावू नका, पोराला खेळू द्या. मागून नावानं हाक मारा. वळलं नाही, तर आधी कानाची तपासणी. पण कमी ऐकणारं पोरही आईकडं बघून खुणेनं सांगतं. मग बोट बघा. बिस्किटासाठी बोट दाखवणं वेगळं आणि ‘आई, ते बघ ट्रॅक्टर!’ म्हणून दाखवणं वेगळं. दुसऱ्यात मागणी नसते, समोरच्याला आपल्या आनंदात ओढणं असतं. दीड वर्षाचं पोर सहसा हे करतं. नसेल करत, तर तेवढ्यावर शिक्का मारायचा नाही, पण ‘पुढच्या फेरीला बघू’ असंही म्हणायचं नाही. जिल्ह्याला पाठवायचं.

जिल्ह्याला न्यायचं म्हटलं की आजी म्हणते, “मामाबी उशिराच बोलला व्हता.” वेखंड उगाळून चाटवलेलं असतं, तेरला गोरोबाकाकांना नवस बोललेला असतो. या माउलीला वेड्यात काढणारा डॉक्टर मला पथकात नको. नवस फेडा आजी, म्हणावं, अन् पोराला घेऊन चला.

सर्वांत जास्त निसटतात ती ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर जाणारी पोरं. दिवाळीनंतर गाव सोडलं की आमची फेरी रिकाम्या घरावरून जाते. धाराशिवला आता आयुर्वेदाचं आणि ॲलोपॅथीचं, दोन्ही सरकारी महाविद्यालयं आहेत. तिथल्या इंटर्नना हंगामात उसाच्या फडावर, कोप्यांपाशी आणा. लक्षणं पुस्तकात वाचून पाठ होतात. डोळा मात्र पोरं खेळत असतात तिथंच तयार होतो, आणि हंगामात ती फडावर असतात.