अनोळखी मृतावशेषांची ओळख

अनोळखी मृतावशेषांची ओळख : ज्याचे नाव, गाव वा आप्त ठाऊक नाहीत, असा मृतदेह, सांगाडा किंवा अस्थी कोणाच्या आहेत हे निश्चित करण्याची कायदेशीर कार्यपद्धती. भारतीय विधीत ती मरणान्वेषणाच्या म्हणजे संशयास्पद मृत्यूच्या चौकशीच्या अनुषंगाने विकसित झाली. पालघर व बोईसर-तारापूर परिसरात तिच्या मर्यादा स्पष्ट दिसतात.

मुंबई शहरात ही चौकशी १८७१ च्या अधिनियमानुसार कॉरोनर करीत असे. हे पद १९९९ मध्ये रद्द झाले. शहराबाहेर, तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील या गावांत, १८६७ चा मुंबई ग्राम पोलीस अधिनियम लागू होता. त्यानुसार प्रेत आढळताच पोलीस पाटलाने गावातील वा शेजारच्या दोन किंवा अधिक समंजस व्यक्तींना जमवून चौकशी करावयाची असे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (१८९८ व १९७३) १७४ व्या कलमातही पंचांची हीच कल्पना कायम राहिली. या तरतुदींचा रोख मृत्यूच्या कारणावर होता. नाव कसे ठरवावे, हे त्यांत सांगितलेले नाही. चेहरा, गोंदण वा दागिना पाहून गावकरी मृतास ओळखत, तोवर ही उणीव फारशी जाणवली नाही.

१८६४ मध्ये मुंबईपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग, १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूरचे अणुवीजकेंद्र व नंतरची औद्योगिक वसाहत यांमुळे परप्रांतीय प्रवासी व कामगार येथे येऊ लागले. पंच शेजारचे, पण मृत परका, अशी स्थिती निर्माण झाली. त्यामुळे ओळखीचा भार ग्रामस्मृतीवरून पोलीस दप्तर व प्रयोगशाळा यांवर आला.

अकस्मात मृत्यूची नोंद झाल्यावर पंचनाम्यात उंची, वस्त्रे, व्रण, गोंदण इ. खुणा नोंदवितात, छायाचित्रे व बोटांचे ठसे घेऊन बेपत्ता व्यक्तींच्या नोंदींशी ताडून पाहतात. केवळ अस्थी उरल्यास श्रोणी व कवटीवरून लिंग, लांब हाडांवरून उंची आणि दातांवरून वय यांचा अंदाज करतात. कवटी व छायाचित्र यांच्या अध्यारोपणाचा उपयोग ब्रिटनमधील रक्सटन खटल्यात (१९३६) झाला होता. आता दात वा मांडीच्या हाडातील डीएनए आईवडील किंवा अपत्ये यांच्याशी जुळवितात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात २६१ जण असलेला ‘पी-३०५’ हा तराफा मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात बुडाला. काही मृतदेह दक्षिणेस रायगड, तर काही पालघरच्या उत्तरेस वलसाडच्या किनाऱ्याला लागले. चेहऱ्यावरून न ओळखता येणाऱ्यांसाठी डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला.

पुरलेले प्रेत दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने पुन्हा उकरता येते; दहनानंतर मात्र पडताळणीचा मार्ग बहुतांशी खुंटतो. म्हणून अंत्यविधीपूर्वी नमुने राखणे अत्यावश्यक ठरते.

ओळख न पटल्यास आप्तांना मृत्यूचा दाखला मिळत नाही. वारसाहक्क व नुकसानभरपाई अडून राहतात. सात वर्षे ठावठिकाणा न लागल्यास मृत्यू गृहीत धरण्याची १८७२ च्या पुरावा अधिनियमातील (कलम १०८) तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही (कलम १११) आहे. अनोळखी मृत व बेपत्ता व्यक्ती यांच्या डीएनए नोंदींची तरतूद असलेले २०१९ चे विधेयक २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाने अहवाल चोवीस तासांत पाठविण्याचे बंधन घातले; परिसरातील दोन प्रतिष्ठित रहिवाशांची अट मात्र तशीच राहिली.