अवर्णनीयाचे शिल्प

ज्याचे वर्णन शब्दांत करता येत नाही असे लेखक स्वतःच सांगतो, त्याचे शिल्प कसे घडवायचे? वैश्विक भयाच्या साहित्यातील प्राण्यांना संगणकाच्या पडद्यावर आकार देणाऱ्या कलावंतापुढचा हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी मुळात वाङ्मयीन आहे. म्हणून त्याचा मागोवा आपण साहित्यकृतीपासूनच घेऊ.

एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) या अमेरिकन लेखकाने १९२६ मध्ये लिहिलेली 'द कॉल ऑफ कथुलू' ही कथा १९२८ च्या फेब्रुवारीत 'विअर्ड टेल्स' या मासिकात प्रसिद्ध झाली. तिची रचना लक्षणीय आहे. कथुलू वाचकाला थेट दिसत नाही. आधी त्याची शिल्पे दिसतात. एक तरुण शिल्पकार स्वप्नात पाहिलेले मातीत उमटवतो आणि ते ओले उत्थितशिल्प घेऊन एका प्राध्यापकाकडे येतो. पुढे पोलिसांनी जप्त केलेली एक पाषाणमूर्ती येते. ऑक्टोपस, ड्रॅगन आणि माणूस यांचे मिश्रण असे तिचे रूप सांगितले जाते. प्रत्यक्ष प्राणी समोर येतो तेव्हा मात्र निवेदक शब्दांची हार कबूल करतो. म्हणजे मूर्तीचे वर्णन शक्य आहे, मूळ रूपाचे नाही, हा भेद कथेच्या गाभ्याशीच आहे.

कथेत न सांगितलेले चित्राला मात्र सांगावेच लागते. लव्हक्राफ्टने १९३४ मध्ये स्वतः त्या मूर्तीचे रेखाटन केले. डोळे किती, हे कथेने सांगितलेले नाही. रेखाटनात मस्तकाच्या एका बाजूला तीन डोळे आले. स्वित्झर्लंडच्या एच. आर. गीगरने नेमका उलटा मार्ग धरला. लव्हक्राफ्टच्या कल्पित ग्रंथाचे नाव घेतलेला त्याचा 'नेक्रोनॉमिकॉन' हा चित्रसंग्रह १९७७ चा. त्यातून पुढे आलेल्या 'एलियन' (१९७९) मधील प्राण्याला दिसतील असे डोळेच नाहीत. तो कुठे पाहतो हे कळत नाही, आणि भय तिथूनच येते. शिवाय दिग्दर्शक रिडली स्कॉटने त्याला बराच काळ अंधारात ठेवले.

१९९९ मध्ये सिग्राफ परिषदेत दाखवल्या गेलेल्या झेडब्रशने मातीचे हे काम पडद्यावर आणले. कलावंत बहुधा एका गोळ्यापासून आरंभ करतो. आधी मोठे आकार, मग स्नायू व घड्या, शेवटी त्वचेची छिद्रे, असा क्रम असतो. जाळी ताणली गेली की २०११ मध्ये आलेली डायनामेश ही सोय ती पुन्हा सारखी करून देते. ही माती वाळत नाही आणि चुकलेला घाव मागे घेता येतो.

पण पेच इथेच आहे. कथुलूच्या नगरीची भूमिती युक्लिडच्या नियमांत बसत नाही असे कथा सांगते. पडद्यावरच्या जाळीचा प्रत्येक बिंदू मात्र तीन अंकांनी निश्चित झालेला असतो. शिवाय प्रतिमा सर्व बाजूंनी फिरवून पाहता येते, म्हणजे पाठ, तळवे, जबड्याची आतली बाजू, सारे घडवावे लागते. वाक्य जिथे थांबू शकते तिथे शिल्पकाराला थांबता येत नाही.

यावर कलावंतांनी शोधलेले उपाय साहित्याच्या विद्यार्थ्याला ओळखीचे वाटतील. डावी-उजवी बाजू सारखी ठेवणारी सोय काम अर्ध्यावर आले की बंद करायची, म्हणजे देहाचा तोल बिघडतो. त्वचा, दात, शुंडके यांसाठी खऱ्या समुद्रजीवांचा अभ्यास करायचा. परिचित तपशील अपरिचित जागी आला की मन अस्वस्थ होते. सर्वत्र सारखे कोरीवकाम न करता काही पृष्ठे मोकळी सोडायची. आणि अखेरीस प्रकाश असा योजायचा की घडवलेल्यातले पुष्कळसे दिसूच नये.

हा शेवटचा निर्णय सर्वांत कठीण, कारण त्यात स्वतःचे श्रम लपवावे लागतात. नारायण धारपांच्या भयकथा वाचलेल्यांना हा संयम नवा नाही. साधने कितीही बदलली तरी काय सांगायचे नाही हे ठरवण्याचे काम ती करत नाहीत, असे आम्हांला वाटते. ते १९२६ मध्येही लेखकाचेच होते. आज ते शिल्पकाराचे आहे.