लिमिटलेस
कृत्रिमरीत्या वाढवलेल्या बुद्धिमत्तेवरील थरारक अमेरिकी विज्ञानपट (२०११). दिग्दर्शक नील बर्गर. पटकथा लेस्ली डिक्सन. आयरिश लेखक ॲलन ग्लिन यांच्या ‘द डार्क फील्ड्स’ (२००१) या कादंबरीवर तो आधारित आहे.

न्यूयॉर्कमधील लेखक एडी मोरा (ब्रॅडली कूपर) याचे लेखन खुंटलेले असते. ‘एनझेडटी-४८’ या गोळीने त्याची स्मृती आणि आकलनशक्ती विलक्षण वाढते. तो रखडलेले पुस्तक हातावेगळे करतो, शेअर बाजारात पैसा कमावतो आणि उद्योगपती कार्ल व्हॅन लून (रॉबर्ट डी नीरो) याचा सल्लागार होतो. पण गोळी घेणे थांबले की जीव धोक्यात येतो. शिवाय तिच्या मागावर मारेकरीही असतात. गोळीचा अंमल उजळ, उबदार रंगांनी व एरवीचे जगणे फिकट छटांनी दाखवले आहे.

माणूस मेंदूचा अल्पांशच वापरतो, हे चित्रपटातील गृहीतक विज्ञानाला मान्य नाही. तरीही उसन्या बुद्धीचे मोल कोणते, हा त्यातील नैतिक प्रश्न मोलाचा आहे. कादंबरीचा शेवट शोकान्त आहे. चित्रपटातील नायक मात्र राजकारणात उतरतो. पुढे याच कल्पनेवर सीबीएस वाहिनीने दूरचित्रवाणी मालिका (२०१५-१६) सादर केली.