विस्मृतीचें मोल

निवालेला चहा आपोआप पुन्हां ऊन झाला, असें कोणीं पाहिलेलें नाहीं. उष्णता उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. तिला उलट वाटेनें न्यावयाचें तर कार्य खर्चावें लागतें. उष्णताशास्त्राच्या या दुसऱ्या नियमाचा अंमल आगगाडीच्या एंजिनापासून ताऱ्यांपर्यंत सर्वत्र चालतो. केवळ ज्ञानाच्या बळावर त्याला चकवितां येईल काय, असा पेंच स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं ११ डिसेंबर १८६७ रोजीं आपले मित्र टेट यांस लिहिलेल्या पत्रांत घातला.

हवेनें भरलेली एक पेटी मनापुढें आणा. मध्यें भिंत, भिंतीला चिमुकलें दार, आणि दाराशीं एक सूक्ष्मदृष्टि द्वारपाल. हवेचे कांहीं रेणु वेगानें धांवतात, कांहीं मंद चालतात. द्वारपालानें वेगवान् रेणु तेवढे एका बाजूस व मंद रेणु दुसऱ्या बाजूस जाऊं दिले, तर श्रमावांचून एक भाग तापेल व दुसरा निवेल. त्याचें भांडवल एकच : कोणता रेणु कसा आहे याची माहिती. विल्यम टॉमसन यांनीं १८७४ मध्यें या द्वारपालास ‘पिशाच्च’ म्हटलें, आणि तेंच नांव रूढ झालें.

लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञांनीं १९२९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत पेटींत एकच रेणु ठेवला. मध्यें पडदा सरकवावा. रेणु डावीकडे आहे कीं उजवीकडे, एवढें कळलें म्हणजे पडद्याला वजन कोणत्या बाजूनें जोडावयाचें तें ठरतें. मग रेणूच्या धक्क्यांनीं पडदा दट्ट्यासारखा सरकतो आणि भोंवतालच्या उष्णतेंतून थोडें कार्य मिळतें. म्हणजे ‘डावें कीं उजवें’ या एका उत्तरालाहि ऊर्जेंत मोजतां येईल असें मोल आहे! नियम खरा, तर हें मोल कोठें तरी चुकतें झालेंच पाहिजे. झिलार्ड यांच्या मतें तें पाहण्याच्या क्रियेंतच चुकतें होतें.

खरी जागा निराळीच निघाली. १९६१ मध्यें आय. बी. एम. कंपनींतील रॉल्फ लँडावर यांनीं दाखविलें, कीं स्मृतींतील एक घर पुसून कोरें करावयाचें तर ठराविक उष्णता बाहेर टाकावीच लागते. खोलीच्या तपमानांत ती किती? एकावर २१ शून्यें देऊन होणाऱ्या संख्येनें एका ज्यूलला भागावें. त्या भागाच्या सुमारें तिप्पट. १९८२ मध्यें चार्ल्स बेनेट यांनीं दोन्ही धागे जुळविले. पाहणें तत्त्वतः फुकट होऊं शकतें. परंतु द्वारपालाची वही केव्हां तरी भरते. ती पुसतांना, जें कमावलें तें सारें निदान तितक्याच प्रमाणांत खर्चीं पडतें.

२०१२ मध्यें फ्रान्समधील लियाँ येथें लेसर प्रकाशाच्या दोन खळग्यांत एक सूक्ष्म कण खेळवून हा हिशेब प्रत्यक्ष तपासण्यांत आला. पुसण्याची क्रिया जों जों सावकाश केली, तों तों बाहेर पडणारी उष्णता लँडावर यांच्या मर्यादेपाशीं येऊन ठेपली.

आजचीं गणनयंत्रें या मर्यादेहून कितीतरी अधिक ऊर्जा उधळतात, म्हणून सुधारणेला वाव पुष्कळ आहे. मर्यादा मात्र टळत नाहीं. माहिती निराकार नसते. कागद, चुंबक किंवा मेंदू, तिला कोठें तरी देह घ्यावाच लागतो, आणि देह आला कीं त्याच्यामागें निसर्गाचे नियमहि येतात.